‘सावकाश चालवा’ एवढ्याने चाक घसरायचे थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकी घसरून अपघात झाल्याची बातमी आली की मागोमाग वाचकांची पत्रे येतात आणि बहुतेक पत्रांत सल्ला एकच असतो : सावकाश चालवा. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. वळणावर सांडलेल्या बारीक खडीवर पुढचे चाक सरकू लागले, त्या क्षणी हातांनी काय करायचे, पायाने काय करायचे आणि नजर कुठे ठेवायची, याचे उत्तर ‘सावकाश’ या शब्दात नाही. ते अंगवळणी पाडण्याची जागा डांबरी रस्ता नव्हे, मातीचे मैदान आहे. कच्च्या वाटेवर, मुरमात, वाळूत मोटरसायकल घालणे म्हणजे हुल्लडबाजी, असा समज पक्का असल्याने हे थोडे सविस्तर लिहितो आहे.

डांबरावर चाक घसरते तेव्हा सगळा खेळ साधारण एका सेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात विचार होत नाही. शरीर आपसूक जे करते तेच होते. न शिकलेले शरीर चार गोष्टी करते. हँडल करकचून आवळते, ॲक्सिलरेटर एकदम सोडते, ब्रेक दाबून धरते आणि ज्या गोष्टीची भीती वाटली तिच्याकडेच टक लावून बघते. चारही गोष्टी उलट्या. आवळलेले हँडल पुढच्या चाकाला स्वतःहून सरळ होऊ देत नाही. एकदम सोडलेल्या ॲक्सिलरेटरमुळे वजन पुढे ढकलले जाते आणि इंजिन मागच्या चाकाला अडवते. दाबून धरलेला ब्रेक उरलीसुरली पकड खाऊन टाकतो. आणि नजर जिथे, तिथेच गाडी जाते. या सवयी उपदेशाने मोडत नाहीत. जिथे चाक पुन्हा पुन्हा घसरते आणि घसरूनही फारसे बिघडत नाही, अशाच जागी त्या मोडतात.

मातीवर तासाभरात शंभरदा चाक सरकते, तेही ताशी १५-२० किलोमीटरला. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ताशी ६० ला पडणाऱ्या गाडीच्या अंगात ताशी १५ च्या गाडीपेक्षा १६ पट ऊर्जा असते. शिवाय मातीवर पकड सुटते ती हळूहळू. चाक आधी वळवळते, मागचा भाग आळस दिल्यासारखा बाजूला जातो, आवाज बदलतो. चांगल्या डांबरावर पकड भरपूर असते, पण संपते तेव्हा फटकन संपते. सुटत्या पकडीची सुरुवात ओळखायला बोटांना आणि बुडाला शिकवायचे, तर ती सुरुवात लांबलचक असेल तिथेच शिकवता येते.

पकडीचा हिशेब आकड्यांत मांडला तर जास्त कळतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ च्या पुढेमागे असतो, ओल्यावर ०.५ ते ०.६, सैल खडीवर आणखी कमी. ताशी ५० वेगात ब्रेक पूर्ण क्षमतेने लावला, तर ०.८ च्या रस्त्यावर गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी, म्हणजे ०.४ झाली तर सुमारे २५ मीटर लागतात. प्रतिसादाच्या एका सेकंदात गेलेले १४ मीटर दोन्हींत वेगळे धरायचे. आता वळण घ्या. टायरची पकड ही एकच शिदोरी असते; तिच्यातूनच वळायचे आणि तिच्यातूनच थांबायचे. गाडी २५ अंश कललेली असताना कोरड्या रस्त्यावर ब्रेकसाठी सुमारे ८० टक्के पकड शिल्लक असते. त्याच कलाला ०.५ गुणांकाच्या ओल्या रस्त्यावर जेमतेम एक तृतीयांश उरते. कोरड्यात चालून गेलेला हात ओल्यात का घसरतो, ते यात आले. गणित माहीत असणारेही पडतात. कारण शिदोरी किती उरली हे हाताला कळावे लागते, डोक्याला कळून भागत नाही.

शर्यतींच्या जगाला हे फार आधी उमगले. मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर घडलेला अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स १९७८, १९७९ आणि १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचा जगज्जेता झाला, तोही डांबरी ट्रॅकवर. फ्रेडी स्पेन्सर, एडी लॉसन, वेन रेनी आणि पुढे २००६ चा विजेता निकी हेडन, हे सगळे डांबरावरचे जगज्जेते त्याच मातीतून आलेले. ऑस्ट्रेलियाच्या केसी स्टोनरचे बालपणही डर्ट ट्रॅकवरच गेले. इटलीच्या व्हॅलेंटिनो रोस्सीने तर ताव्हुलिया या आपल्या गावी मातीचा ट्रॅकच उभारला आणि तरुण स्पर्धक तिथे सराव करतात. अर्थात कामावर जाणाऱ्या माणसाला यातले काही जिंकायचे नसते. त्याला घरी पोचायचे असते. त्यामुळे शर्यतीचे कौतुक इथेच सोडतो आणि सरावाकडे वळतो.

पहिला सराव ब्रेकचा, आणि माझ्या मते बाकी काही जमले नाही तरी एवढा करावाच. सपाट, सैल मातीचा किंवा आखूड गवताचा ५० मीटरचा सरळ पट्टा पुरतो. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २०-२५ वेग घ्यायचा, क्लच पूर्ण दाबायचा, आणि फक्त मागचा ब्रेक चाक लॉक होईपर्यंत, म्हणजे फिरायचे पूर्ण थांबेपर्यंत, दाबून ठेवायचा. नजर पट्ट्याच्या टोकाला. मागचे चाक फरफटत जाईल, थोडे डावी-उजवीकडे सरकेल. हँडल सैल धरले असेल तर पुढचे चाक स्वतःच प्रवासाच्या दिशेला तोंड करून राहते. पूर्ण थांबेपर्यंत पाय काढायचा नाही. असे दहा वेळा. मग पुढची पायरी : चाक लॉक करायचे, गाडी सरळ असताना ब्रेक हलकेच सैल करायचा, चाक फिरू लागले की पुन्हा लॉक करायचे, एका थांबण्यात तीन-चारदा.

यातली मेख डांबरावर कळते. मागचे चाक लॉक होऊन गाडी बरीच आडवी झाली आणि तेव्हा घाबरून ब्रेक एकदम सोडला, तर टायर झटक्यात पकड घेतो, गाडी सरळ होण्यासाठी उसळते आणि स्वाराला कलाच्या उलट बाजूला फेकते. याला हायसाइड म्हणतात. साधे घसरून पडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट, कारण माणूस वर उडून पडतो. म्हणून डांबरावर मागचे चाक लॉक झाले तर नियम असा : गाडी अजून सरळ रेषेत असेल तर ब्रेक लगेच सैल करा, आडवी झाली असेल तर थांबेपर्यंत दाबून ठेवा. हा फरक पाऊण सेकंदात ठरवायचा असतो. मातीवर शंभर फरफटी काढलेल्या पायाला तो ठरवता येतो.

पुढच्या ब्रेकचा सराव वेगळा आणि जास्त नाजूक. वेग ताशी १० ते १५, गाडी अगदी उभी, हँडल सरळ, क्लच दाबलेला, लिव्हरवर दोन बोटे. आधी लिव्हरची मोकळी हालचाल संपवून पॅड डिस्कला नुसते टेकवायचे. काटे, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकॲब्जॉर्बर, खाली बसेपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, तेवढ्यावरच थांबायचे. वजन पुढच्या टायरवर आले की मग दाब वाढवत न्यायचा. चाक लॉक झाल्याबरोबर बोटे सोडायची. ‘बरोबर’ म्हणजे खरोखर तत्क्षणी. मागच्या चाकासारखी मुभा पुढचे चाक देत नाही. हँडल जरा जरी वळलेले असेल तर गाडी पायाखालून निघून जाते. म्हणूनच हा सराव सरळ रेषेतच करायचा, आणि पहिल्या दहा वेळा शेजारी जाणकार माणूस उभा असावा. तासाभरात जे हाती लागते ते साधे आहे, ब्रेक ‘मारायचा’ नसतो, ‘दाबत न्यायचा’ असतो. आपल्या बोलण्यातला ‘ब्रेक मारला’ हा शब्दच मुळात चुकीची सवय लावतो की काय, अशी मला शंका आहे.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असताना हे कशाला, असे विचारले जाते. एबीएस घ्यावेच, त्याबद्दल वाद नाही. पण साधे एबीएस गाडी सरळ असताना उत्तम काम करते. कललेल्या गाडीला सांभाळायला कलाचा सेन्सर असलेली वेगळी प्रणाली लागते आणि ती सगळ्या गाड्यांत नसते. सैल खडीवर तर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. लॉक झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग साठवते आणि तो ढीग गाडी अडवतो. एबीएस चाक सतत फिरते ठेवते, त्यामुळे ढीग साठतच नाही. काही गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असते. सरावापुरते ते बंद करा आणि रस्त्यावर येण्याआधी चालू झाल्याची खात्री डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे बघून करा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद-चालू केल्यावर ते आपोआप परत येते, पण सगळ्यांत नाही.

दुसरा सराव उभे राहून चालवण्याचा. तो बघणाऱ्याला सर्कस वाटतो आणि त्याचे कारणही बऱ्याचदा चुकीचे सांगितले जाते. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, असे अनेक जण ठासून सांगतात. येत नाही. अंग वर गेल्यावर गुरुत्वमध्य वरच जाणार. फायदा दुसरा आहे. बसलेले असताना स्वार आणि गाडी हे एकच गाठोडे असते. खड्ड्यात मागचे चाक उसळले की कंबरेसकट माणूस उसळतो आणि त्याच्या हातांतून तो धक्का हँडलमध्ये उतरतो. उभे राहिल्यावर गुडघे आणि घोटे शॉकॲब्जॉर्बरचे काम करतात, गाडी खाली हवी तशी हलते आणि डोके एका उंचीवर राहते.

बैठक, किंवा न-बैठक म्हणा, अशी : तळव्याचा मधला भाग फूटरेस्टवर, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला हलके टेकलेले, कंबर थोडी मागे, कोपर बाहेर आणि किंचित वर, हनुवटी साधारण हँडलच्या वर. वजन सगळे पायांवर. हातांत वजन आले असेल तर उभे राहणे चुकले आहे, हे नक्की समजावे. तपासायची खूण सोपी : चालत्या गाडीवर दोन्ही कोपर पंखांसारखे हलवून पाहा. हलले नाहीत, तर हँडल आवळले आहे. दहा मिनिटांत मनगटाच्या वरचा स्नायू दगडासारखा होतो तोही याचमुळे.

हँडल सैल सोडण्यावर एवढा भर का, ते चाकाच्या रचनेत आहे. ज्या अक्षावर हँडल फिरते तो अक्ष खाली वाढवला तर पुढच्या टायरच्या जमिनीला टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे, साधारण ९ ते ११ सेंटिमीटर पुढे, जमिनीला मिळतो. या अंतरामुळे चाक ट्रॉलीच्या फिरत्या चाकासारखे अक्षाच्या मागे ओढले जाते आणि स्वतःहून सरळ होते. दगडाला लागून हँडल एका बाजूला झटकले, की गाडी ते स्वतःच परत आणते, स्वाराने अडवले नाही तर. वाळूत हे सगळ्यात स्पष्ट दिसते. वजन थोडे मागे, ॲक्सिलरेटर एकसारखा, हँडल सैल : पुढचे चाक सापासारखे वळवळते आणि गाडी सरळ जाते. ती वळवळ थांबवायला जो जातो, तो पडतो. रस्त्यावर पुलाचा लोखंडी जोड, उखडून खाचा पाडलेले डांबर, सांडलेले डिझेल, ओला पांढरा पट्टा, मॅनहोलचे झाकण, या सगळ्यांना तोच इलाज लागू पडतो. गाडी शक्य तितकी उभी करा, ब्रेकवरून बोटे काढा, ॲक्सिलरेटर आहे तिथे ठेवा, हात सैल सोडा, पलीकडच्या चांगल्या रस्त्याकडे बघा.

चाकोरीचेही तसेच. बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोरीत चाक शिरले की नवखा लगेच बाहेर पडायला धडपडतो, टायरचा खांदा कडेला घासतो आणि गाडी आडवी होते. चाकोरीच्या टोकाकडे बघत, वेग कायम ठेवून, ती उथळ होईल तिथे बाहेर पडायचे. काँक्रीटच्या रस्त्यात लांबीला धरून गेलेली फट किंवा रस्त्यातले रूळ हे याच जातीचे. ते ओलांडायचे तर काटकोनाच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, ४५ अंशांच्या खाली नको.

आता मंद वेग. रस्त्यावर गाडी ‘उगाचच’ पडते ती बहुधा इथे : गर्दीत यू-टर्न घेताना, चढावर वळताना, मागे कोणी बसलेले असताना. दोन खुणा आठ मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा आणि जमेल तसे अंतर सहा मीटरवर आणायचे. पहिला गिअर. ॲक्सिलरेटर किंचित उघडा आणि स्थिर. क्लच अर्धा, म्हणजे गाडी ओढू लागते त्या जागी. मागचा ब्रेक हलका पण सतत. वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने कमी-जास्त करायचा, ॲक्सिलरेटरने नाही. अंग वळणाच्या बाहेरच्या बाजूला, गाडी आतल्या बाजूला. मान वळवून वर्तुळाच्या समोरच्या टोकाकडे बघायचे, पुढच्या चाकाकडे नाही. पडण्याची कारणे ठरलेली आहेत. क्लच पूर्ण दाबला की ओढ संपते आणि गाडी आत कोसळते. पुढचा ब्रेक लावला की वळलेल्या हँडलवर ती तिथल्या तिथे बसते. पाय खाली सोडून ‘पोहत’ वळले की मागचा ब्रेक हातचा जातो. तेलात बुडालेला क्लच हे सहन करतो, तरी दहा मिनिटांनी विश्रांती द्यावी. कोरडा क्लच असेल तर जळका वास यायच्या आधीच थांबावे. गिअर नसलेल्या स्कूटरवर हाच सराव किंचित उघडा ॲक्सिलरेटर आणि मागचा ब्रेक यांवर करता येतो, फक्त मैदान कडक आणि सपाट हवे, कारण लहान चाके खड्ड्यात अडकतात.

चढ-उताराबद्दल थोडक्यात. चढावर इंजिन बंद पडले तर नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नये. पुढच्या चाकावर तेव्हा वजन कमी असते आणि ते लॉक होऊनही मागे घसरते. गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवून क्लच सोडला की इंजिनच मागचे चाक धरून ठेवते. मग श्वास घ्यायला वेळ मिळतो. उतारावर पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनची ओढ मुख्य आणि दोन्ही ब्रेक मदतीला. भीतीने क्लच दाबला की गाडी सुटते. घाटात सतत ब्रेकवर उतरणाऱ्यांना ही सवय लागली तर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोकाही कमी होईल.

गाडी कोणती? महागडी नको, जड तर मुळीच नको. १०० ते १४० किलोची, १२५ ते २५० सीसीची गाडी शिकायला योग्य. २०० किलोच्या ‘ॲडव्हेंचर’ गाडीवर सुरुवात करणारा माणूस दुसऱ्यांदा ती उचलतानाच थकतो आणि थकलेला माणूस काही शिकत नाही. पुढचे २१ इंची चाक दगडावरून सहज चढते, पण आखूड गवताच्या मैदानावरच्या सरावाला रोजची साधी गाडीही चालते. आरसे काढून किंवा आत वळवून ठेवावेत. फूटरेस्टवरचे रबर निघत असेल तर काढावे. क्लच-ब्रेकच्या लिव्हर किंचित खाली वळवाव्यात, म्हणजे उभे असताना मनगट वाकत नाही. त्यांच्या पट्टीचे बोल्ट इतकेच आवळावेत की पडल्यावर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. पण नुसत्या हाताच्या दाबाने फिरता कामा नये.

हवा हा स्वतंत्र विषय आहे. रस्त्यावर २८-३२ पीएसआयवर चालणाऱ्या मध्यम गाडीची हवा सैल जमिनीसाठी २०-२२ पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड लक्षात येण्याइतकी वाढते. १२-१४ वगैरे आकडे कच्च्या वाटांच्या शर्यतींसाठीच्या हलक्या एंड्युरो गाड्यांचे, ज्यांत टायर रिमला आवळून धरणारा रिम-लॉक असतो. इतर गाड्यांत एवढी हवा काढली तर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात, रिमला पोचा येतो, किंवा ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो. आणि कमी हवेवर डांबरी रस्ता धरू नये : टायर तापतो, वळणात गाडी लोळल्यासारखी चालते. पंप आणि हवेचा मापक सोबत नसेल तर हवा काढूच नये, असे मी म्हणेन. सरावानंतर एअर फिल्टर, आऱ्यांचा ताण, साखळीचा ढिलेपणा आणि ब्रेकच्या पॅडमध्ये अडकलेली खडी, एवढे बघितल्याशिवाय गाडी वापरू नये.

अंगावर पूर्ण हेल्मेट, हातमोजे, गुडघा-कोपराची ढाल आणि घोट्याच्या वरपर्यंतचे कडक बूट. पैसे कमी असतील तर आधी बूट घ्या. मंद वेगात पडताना गाडी पायावर येते आणि पहिला बळी घोटा असतो. गाडी पडली की आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. गिअरमध्ये ठेवा, म्हणजे घरंगळणार नाही. सीटला पाठ लावून, मांड्यांच्या जोरावर, छोटी छोटी पावले मागे टाकत उचला. पाठीने ओढून उचलणारे नंतर आठवडाभर वाकलेलेच राहतात.

आता दुसरी बाजू, कारण मातीचे गुण गाणारे ती सांगत नाहीत. मातीतल्या काही सवयी रस्त्यावर घातक आहेत. वळणात पाय बाहेर काढणे डांबरावर गुडघा पिळवटते. अंग बाहेर आणि गाडी आत ही पद्धत मंद वेगापुरती. वेगात तिने गाडी विनाकारण जास्त कलते आणि फूटरेस्ट घासतो. मागचे चाक सरकवून वळण्याला रस्त्यावर जागाच नाही. जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर, ज्यांना बटण टायर म्हणतात, ते ओल्या डांबरावर साध्या टायरइतके धरत नाहीत, हे ते दिमाखात मिरवणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे. शिवाय रस्त्यावरचा मोठा धोका माणसांचा असतो : न बघता समोरून वळणारी कार, उघडलेला दरवाजा, ट्रकची आंधळी बाजू. ते मैदानात भेटत नाहीत आणि त्यांचा सराव मैदानात होत नाही.

सगळ्यात मोठा धोका फाजील आत्मविश्वासाचा. नॉर्वेत कारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते. १९८०च्या दशकात त्याचा परिणाम तपासला तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले. ‘आपल्याला सावरता येते’ असे वाटले की पाय हलका राहत नाही. दुचाकीवाले यातून सुटतील असे मानण्याला काही आधार नाही. म्हणून शिकवण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पकड किती लवकर संपते हे दाखवायचे, मग ती संपू न देण्याचा हात शिकवायचा आणि सुटलीच तर काय, हे शेवटी. पहिल्याच दिवशी मागचे चाक उडवायला शिकवणारा प्रशिक्षक टाळावा. सराव अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यांत करावा, मध्ये पाणी आणि विश्रांती. दमल्यावर हँडल आपोआप आवळले जाते आणि शिकलेले सगळे पुसले जाते. एकट्याने जाऊ नये. आणि कोणाच्या शेतात, जंगलात, ओढ्याच्या काठावर परवानगीवाचून गाडी घालू नये. माती सगळ्यांची नसते.

संपादक महोदय, या पत्रामागे एक मागणी आहे. जिथे जिथे दुचाकी शिकवण्याचे आणि परवान्याच्या चाचणीचे मैदान आहे, तिथे ४० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा एक पट्टा सैल खडीचा करावा. खडी १० ते २० मिलिमीटरची, थर पाच सेंटिमीटरचा, दोन्ही टोकांना सुरुवातीच्या आणि थांबण्याच्या रेषा. शिकणाऱ्याने त्यावरून ताशी २० वेगात एकदा नुसते पार जावे, एकदा मागच्या ब्रेकने आणि एकदा दोन्ही ब्रेकने थांबावे. गाडी मैदानाची, वजनाला हलकी, दोन्ही बाजूंना, पडल्यावर गाडी वाचवणाऱ्या नळ्या लावलेली. पास-नापास ठेवू नये. फक्त तिन्ही वेळा थांबण्याचे अंतर मोजून शिकणाऱ्याच्या हातात कागदावर द्यावे, शेजारी त्याच वेगाला त्यानेच कोरड्या डांबरावर थांबवलेल्या गाडीचे अंतर लिहून. दर पंधरवड्याला दाताळ्याने थर सारखा करावा लागेल आणि बाहेर उडालेली खडी झाडून आत घ्यावी लागेल. नाहीतर तीच खडी मैदानाच्या वळणावर जाऊन बसेल.

आपला,
एक दुचाकी प्रशिक्षक